नवरीवर फुंकर

केसातली पिन सैल होते, निसटते आणि हवेतून उडत जाऊन चिकटते.

चौथ्या मजल्यावरच्या उम्म रअफतच्या घरी नवा फ्रिज आला, तेव्हा तिने कुराणातली आयत पुटपुटून त्याच्यावर तीनदा फुंकर घातली. परीक्षेच्या सकाळी मुलांवरही घालते. फ्रिज अजून चालतो. मुलांचं सांगता येत नाही.

कांदा सोलताना दोन थरांच्या मधून एक पापुद्रा निघतो. बोटावर ठेवला तर बोटाच्या रेषा आरपार दिसतात.

आमच्या दाराच्या चौकटीला जुन्या चपलांचे तळ ठोकलेले आहेत. हे दार कितीही चिडून लोटलं तरी आपटत नाही.

दुसऱ्याच्या डोळ्यात काजळ घालताना श्वास घ्यायचा नसतो.

"जिना हळू उतर गं मुली, चौथी पायरी मोडकी आहे." हे लग्नातलं गाणं आहे.

माझ्या नवऱ्याने कुवेतहून पाठवलेला माइक बोटाएवढा आहे. त्याच्यासमोर माशी उडाली तर तिचे पंख मोजता येतात. मोजायचे कशाला, हे त्याने कळवलेलं नाही.

पुढची बाजू

लबीब कुत्ब हे माझे मामा. शुब्रा या वस्तीत, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा स्टुडिओ आहे. मी इन्शिराह, त्यांच्या बहिणीची मुलगी. काचेमागे बसून टेपचं मशीन मी चालवते, कारण दुसऱ्या कुणाशी मामांचं आठवडाभरही पटत नाही.

स्टुडिओत एक जुना रिबन माइक आहे. मामा त्याला 'नवरी' म्हणतात आणि त्यांचं ऐकून गल्लीही तेच म्हणते. नवरी आकाराने पावाएवढी आणि वजनाने इस्त्रीसारखी आहे. मामांनी लग्न केलं नाही. तो विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "घरात एक आहे की. तिच्यावर सवत कशाला आणतील?"

नवरीचं बाहेरचं अंग बळकट आहे. एकदा ती इमारतीच्या जिन्यावरून पडली, तेव्हा पायरीचा टवका उडाला, तिला ओरखडाही आला नाही. आत मात्र दोन दांडग्या चुंबकांच्या फटीत ॲल्युमिनियमची एक पट्टी लोंबते. कांद्याचा पापुद्रा तिच्यापुढे जाड म्हणावा. तिला बारीक चुण्या पाडलेल्या असतात. आवाज आला की ती हलते, आणि ती हलते म्हणून टेपवर गाणं उमटतं. दार आपटलं, कुणी खोकलं, माइक आडवा करून घाईने नेला, की पट्टी ताणते किंवा फाटते. म्हणून चौकटीला चपला. म्हणून बायकांनी आत येण्याआधी केसातल्या पिना काढून बशीत ठेवायच्या. म्हणून नवरीला एका खोलीतून दुसरीत न्यायचं, तर तोंडावरून कापडी पिशवी घालायची, तिला उभीच धरायची आणि एकाने पुढे दारं उघडत चालायचं. ही वरात दिसली की उम्म रअफत जिन्यातून जीभ हलवून लग्नातली किलकारी मारते. मामा तिच्याकडे बघत नाहीत. त्यांचं लक्ष पायाखाली असतं.

आणखी एक. नवरीला पुढून जेवढं ऐकू येतं, तेवढंच मागूनही येतं. डावीकडचं आणि उजवीकडचं अजिबात येत नाही. बाजूने आलेला आवाज पट्टीच्या दोन्ही अंगांना एकदमच लागतो, मग तिने हलायचं कुठे? म्हणून आमच्याकडे गाणारा पुढे बसतो आणि बासरी व कानून हे तारांचं वाद्य मागे. खंजिरीचा आवाज मोठा, भिंतींवर आपटूनही पुरेसा येतो, त्यामुळे ती बाजूला. डावीकडे आणि उजवीकडे एकेक बाक जमिनीला खिळे ठोकून बसवलेला आहे. गायकाचे भाऊ, मित्र, चहावाला, सगळ्यांनी तिथेच बसायचं. रंगात येऊन दाद म्हणून "अल्लाह! अल्लाह!" म्हणायचं असेल तर तिथून खुशाल म्हणा, टेपला कळत नाही. मागच्या बाजूला उभं राहून कुणी हुंकार जरी दिला, तरी मामा अख्खं गाणं पुन्हा गायला लावतात. पुष्कळांशी त्यांचं भांडण एवढ्यावरूनच आहे.

गमालातमावशी, नात्याची नव्हे, सगळ्या गल्लीची मावशी, आली ती मंगळवारी, भर दुपारी. शुब्रातल्या निम्म्या मुलींना लग्नासाठी सजवते ती हीच. भुवया कोरते, काजळ घालते, आणि मुलगी रडायला लागली की तिला दम देते. त्याच्याही आधी ती लग्नांत गायची. आमच्या स्टुडिओतलं पहिलं रेकॉर्डिंग तिचंच. पुढे ती गिरणीकामगाराशी लग्न करून महल्ला या गिरण्यांच्या गावाला गेली. नवऱ्याने गाऊ नको म्हटलं नव्हतं. गिरणीच्या आवाजात आपलंच आपल्याला ऐकू येईना म्हणून गाणं सुटलं, असं ती सांगते. नवरा गेल्यावर परत आली.

"लबीब! अजून आहेस?"

"तुमच्या दुवेने, गमालातबाई."

"बाई म्हणतोय! ऐकलंस का गं इन्शिराह? मी याला सँडल फेकून मारलेली आहे."

"डाव्या पायातली," मामा म्हणाले.

गुरुवारी तिच्या मुलीचं, इब्तिसामचं लग्न होतं. टवका उडालेली पायरी असलेल्या आमच्याच जिन्यावरून मुलगी उतरताना मोडक्या पायरीचं गाणं लावायचं, आणि ते आईच्याच आवाजात, असा मुलीचा हट्ट.

"मग तिथेच उभी राहून गा की, मावशी," मी म्हटलं.

"आणि त्या ओळीला रडू? माझं काजळ पसरेल, तिचंही पसरेल, आणि दोन्ही मीच घातलेली. टेप रडत नाही. टेपच लावायची."

मी काचेमागे जाऊन हेडफोन चढवले, मामांनी नवरीच्या तोंडावरची पिशवी काढली. सकाळपासून ते तिची जाळी मऊ कापडाने पुसत होते. मावशी पुढे आली, थबकली.

"अगं बाई! ही तर तश्शीच आहे. आपण दोघं वाळून खारका झालो आणि हिच्या अंगावर एक सुरकुती नाही!"

बोलून झालं आणि तिने तोंडावर हात ठेवला. "माशाल्लाह म्हणायचं राहिलं. माझीच नजर लागायची बिचारीला."

आम्ही काही म्हणेपर्यंत तिने दोन्ही तळव्यांत माइक धरला, ओठ जाळीला टेकवले, आयत पुटपुटली आणि फुंकर घातली. मामांचा हात वर गेला. दुसरी घातली. तिसरी तर तिने छाती भरून घातली.

माझ्या हेडफोनमध्ये आधी वादळ आलं. मग बारीकसं टप्. मग काहीच नाही.

"झालं," मावशी समाधानाने म्हणाली. "आता हिला कुणाची नजर लागत नाही."

"नाही लागत," मामा म्हणाले.

डावी बाजू

इथलं काही ऐकू येत नाही.

आत

मामांनी तिला सांगितलंच नाही. "आज नवरीला जरा बरं नाहीये. इन्शिराह, तो कुवेतवाला आण," एवढंच म्हणाले.

मला आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? तो माइक कधीपासून डबीत पडून होता. मी तो लावला, मावशीने एक कडवं म्हटलं आणि मी तिला ते ऐकवलं. ती मान तिरकी करून ऐकत राहिली.

"ही कोण म्हातारी?"

"तूच आहेस, मावशी."

"माझे किती दात पडलेत ते कळतंय त्यात. श्वास बघ, जुन्या बिजागरीसारखा." तिने हेडफोन टेबलावर ठेवला. "ही बाई माझ्या मुलीच्या लग्नाला येणार नाही. मी तिला बोलावलेलं नाही. राहू दे रे लबीब, ढोलवाल्याला सांगते, तो वाजवेल काहीतरी."

ती बशीतल्या पिना उचलायला लागली. इब्तिसाम ढोलवाल्याच्या 'काहीतरी'वर जिना उतरणार, हे मला दिसायला लागलं, आणि मी बोलून गेले, "मावशी, जुन्यात तू अशी नसती वाटलीस. पण तुझ्या फुंकरीने त्याची पट्टी गेली."

पिना तिच्या हातातच राहिल्या. "माझ्या?"

"जुनी होती," मामा म्हणाले. "आज ना उद्या गेलीच असती."

"फुंकरीने जाते? एवढ्या लोखंडाच्या आत बसून?"

"कुणाच्याही फुंकरीने नाही जात. तुम्ही दम भरलात की पूर्वी तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या."

ती बाकावर बसली. रागावली असती तर आम्हाला बरं वाटलं असतं. ती नवरीकडे बघत राहिली, चुकून कुणाचं मूल हातून पडल्यासारखी. "मी चांगल्यासाठीच केलं रे," ती म्हणाली.

"माहीत आहे. पट्टी बदलता येते. मी बदललेली आहे. अंग टिकतं, पट्टी बदलायची. हिची रीतच ती." मामांनी बाह्या सरसावल्या. "इन्शिराह, पंखा बंद कर, खिडक्या लाव. आणि उम्म रअफतला सांग, तासभर मुलांवर ओरडायचं नाही."

मामांनी जुन्या रेडिओतला एक कपॅसिटर फोडला. त्यात मेणकागद आणि ॲल्युमिनियमचा वर्ख एकावर एक गुंडाळलेले असतात. तो वर्ख काचेवर पसरून मी नव्या ब्लेडने कापला. दोन पट्ट्या वाया गेल्या, बाकीच्या जमल्या. मग घड्याळातली दोन पितळी दातेरी चाकं बसवलेली मामांची लाकडी घोडी काढली. चाकांमधून पट्टी फिरवली की बाहेर येताना तिला चुण्या पडतात. तिथवर ठीक होतं. त्यानंतर ती उचलून चुंबकांच्या फटीत सोडायची, दोन्हीकडे केसाएवढी जागा ठेवून, आणि वरखाली पितळी चिमट्यांत आवळायची. ताणली तर आवाज किंचाळतो. सैल राहिली तर झोपून जातो.

मामांनी पट्टी उचलली आणि त्यांचा हात कापला. हिवाळ्यापासून तो कापतो. मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि आम्ही दोघं त्याबद्दल बोलत नव्हतो. पट्टी चुंबकाच्या कडेला घासून दुमडली.

"हात का कापतोय तुझा?" मावशीने विचारलं.

"चहा जास्त झाला."

"चहा, की वय?"

"वयाने चहा प्यायला."

दुसरी पट्टी मी धरली. मावशी मामांना म्हणाली, "तोंड बघ तिचं, बाळंतपणाला बसल्यासारखं." मला हसू फुटलं, आणि पट्टी टेबलावरून उडून कुठे गेली ते आजपर्यंत सापडलेलं नाही.

"सरका दोघं," मावशी म्हणाली. तिने पिशवीतून भुवया उपटायचा चिमटा काढला आणि नवरीजवळ नेला, तोच तो तिच्या बोटांतून निसटून खाडकन चुंबकाला चिकटला.

"हे बघ! पाहुण्यांच्या हातून वस्तू हिसकावते. अशी सून कुणी घरात ठेवली असती का?"

"पोलाद नको," मामा चिमटा सोडवत म्हणाले. "तिला पोलादाचा मोह आहे. पितळ चालेल."

मावशीने काजळदाणी काढली. तिच्यातली काडी पितळेची होती, वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेली. तिने ती ओढणीला पुसली, टोक जिभेला लावलं आणि ओल्या टोकावर पट्टीची कड अलगद उचलून घेतली.

"सांग, कुठे."

"फटीत. वरून. घाई नको."

"घाई नको, हे तू मला सांगतोस? शंभर मुली पापणी मिटायला टपलेल्या असताना मी त्यांच्या डोळ्यात काडी फिरवलेली आहे."

"मग बोलू नका. श्वास..."

"घेतच नाहीये."

खरंच घेत नव्हती. तिने ओठ आत ओढले, एक डोळा बारीक केला, आणि पट्टी फटीत उतरली. मामा दिवा धरून होते. दिवा हलायचा, सावली हलायची, तिचा हात मात्र जागचा हलत नव्हता. मी वरचा स्क्रू फिरवला. तिने तोंड बाजूला वळवून श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा कोंडला. मग मी खालचा फिरवला.

मामांनी बोटाच्या नखाने चौकटीवर टिचकी मारली आणि कान जवळ नेला. "थोडी सैल."

ती काडीने खालची कड सरकवायला लागली. आणि नेमकं तेव्हाच तिला बोलायचं होतं. नवरीकडे पाठ करून ती बोलली, एकेक वाक्य, मध्ये वळून काम करत.

"पहिल्या रेकॉर्डिंगला मी डोळे मिटून गायले होते." काम. "कानूनवाला अल्लाह म्हणाला, बासरीवाला अल्लाह म्हणाला. तू त्यांना रागावलास, पण ते म्हणाले." काम. "तुझं काही नाही. भिंत असावी तसा." काम. "वाटलं, गाताना ऐकू आलं नसेल. नंतर मी ती टेप इथेच बसून ऐकली, कान लावून. बासरीवाल्याचा खोकलासुद्धा आहे तिच्यात. तू नाहीस."

मामा दिव्याकडे बघत होते.

"पट्टी ओढू नका," ते म्हणाले.

"ओढत नाहीये." तिने काडी बाहेर काढली. "बघ."

मामांनी पुन्हा टिचकी मारली. या वेळी बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी जाळी बसवायला घेतली, आणि जाळीचे स्क्रू फिरवताना त्यांचा हात कापत होता तरी त्यांनी ते आम्हाला फिरवू दिले नाहीत.

उजवी बाजू

इथलंही नाही.

मागची बाजू

संध्याकाळ होत आली होती. मावशी नवरीपुढे बसली, मामांनी सांगितलं त्याहून हातभर मागे, स्वतःच. "आता लांबूनच प्रेम करते हिच्यावर," म्हणाली.

वाजवणारे कुणी नव्हते. ती मांडीवर बोटांनी ताल धरणार होती. मी काचेमागे गेले, हेडफोन चढवले, आणि खोलीची ती जुनी शांतता मला पुन्हा ऐकू आली, उबदार, किंचित जाडसर, रजईत शिरल्यासारखी. मी मामांना अंगठा दाखवला. त्यांनी जाऊन बाकावर बसायचं आणि मग मी टेप सुरू करायची, ही आमची रीत.

मामा बाकावर गेले नाहीत. ते नवरीला वळसा घालून तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

मी काचेवर टकटक केली, बाकाकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पट्टी नवी आहे," ते खोलीत म्हणाले, "मी जवळच थांबतो." जवळ थांबून पट्टीचं काय करता येतं, हे मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नसेल. मी टेप सुरू केली.

मावशीने डोळे मिटले आणि गायला लागली. कुवेतच्या माइकातली म्हातारी गेली नव्हती, ती होतीच. पण आता ती घरातली वाटत होती. दातांची फट होती, श्वासाची बिजागरी होती, सगळं होतं, फक्त कुणी त्याच्यावर बोट ठेवत नव्हतं. पोरीचे पैंजण वाजताहेत, शेजारणी दारात आल्यात, भाऊ पुढे दिवा घेऊन चाललाय. मग ती ओळ आली. जिना हळू उतर गं मुली, चौथी पायरी मोडकी आहे. 'मोडकी' या शब्दावर तिने जरा वेळ घेतला, एक सूर खाली जाऊन वर आली, खरोखर पाय चाचपडत ठेवावा तशी.

"अल्लाह," मामा म्हणाले.

ओरडून नाही. पण स्पष्ट, पोटातून, पट्टीच्या अगदी समोर तोंड करून. माझ्या यंत्राचा काटा उडाला आणि परत आला.

मावशी थांबली नाही. डोळेही उघडले नाहीत. पुढचं कडवं मात्र तिने असं म्हटलं, की मी बटणावरचं बोट काढून घेतलं आणि हात मांडीवर ठेवून बसले.

गाणं संपलं. मग मी दार उघडून आत गेले. "मामा, तुम्ही मागे उभे होतात. आलंय ते. छान मोठं आलंय. पुन्हा घ्यावं लागेल."

"नको," मामा म्हणाले. "पट्टीवर पुन्हा पुन्हा ताण नको."

"एका गाण्याने पट्टीला काय..."

"इन्शिराह," मावशी पिना केसात खोचत म्हणाली, "तुझ्या मामाला यातलं जास्त कळतं. राहू दे ते."

गुरुवारी इब्तिसाम आमच्याच जिन्यावरून उतरली. गल्लीत दिव्यांच्या माळा होत्या, खाली खुर्च्या मांडल्या होत्या, आणि मी जिन्याच्या तोंडाशी कॅसेट आणि भोंगा घेऊन बसले होते. मावशी पायथ्याशी उभी होती, हातात काजळदाणी, लागली तर. तिचा आवाज भोंग्यातून वर गेला आणि वरच्या मजल्यांवरच्या बायका बोलता बोलता गप्प झाल्या. मुलगी खरंच हळू उतरत होती. टवका उडालेल्या पायरीवर आली तेव्हा गाणंही तिथेच आलं होतं, आणि पाठोपाठ गल्लीभर घुमलं, "अल्लाह!"

सगळ्यांनी माना वळवल्या. उम्म रअफतने आधी स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं, तो कधी असं म्हणाला नव्हता. मुलगी पायरीवरच थांबली.

"आई, हा कोण गं?"

मावशीचं काजळ पसरलं होतं. तिने ते करंगळीने आणखी पसरवलं.

"मागच्या बाजूचा आहे," ती म्हणाली. "उतर तू. खाली बघून."

मामा खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत होते. सरबताचा पेला त्यांच्या हातात कापत होता. शेजारच्याने पेला धरायला हात पुढे केला, तर म्हणाले, "चहा जास्त झालाय."

एकोणीसशे एकसष्ट साली, पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशी, लबीबमामा डाव्या बाकावर खंजिरीवाल्याशेजारी बसले होते; तिथून म्हटलेलं टेपला कळत नाही.